मदत हवी: साडेतीन लाखात जुनी स्पोर्ट्स कार, वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत टिकेल अशी. हेराल्ड की सॅन स्टॉर्म?

नमस्कार मंडळी,

जुन्या गाड्यांतल्या जाणकारांचा सल्ला हवाय. जरा लांबलचक होईल पण पूर्ण वाचा ही विनंती, कारण पैसे एकदाच घालता येणार आहेत.

मी वेंगुर्ल्याचा. घर समुद्राच्या इतकं जवळ की वारा सुटला की खिडकीच्या काचांवर मिठाचा थर धरतो, गेटच्या बिजागऱ्या सारख्या बदलाव्या लागतात. मला एक जुनी, उघडी, दोन दारांची, चालवताना रस्ता जवळून जाणवेल अशी गाडी घ्यायचीय. बजेट साडेतीन लाख, यात गाडी, नावावर करायचा खर्च आणि पहिली मोठी दुरुस्ती सगळं आलं. काजूचे पैसे बाजूला टाकत टाकत जमवलेत, कर्ज काढायचं नाही हे घरात ठरलंय. रोजची गाडी वेगळी आहे, ही फक्त रविवारी सकाळी शिरोडा-रेडीपर्यंत नाहीतर परुळ्यावरून मालवणपर्यंत, आणि पाऊस संपला की आंबोलीत वर. प्रदर्शनात उभी करायला नकोय, चालवायला हवीय, हे आधीच सांगतो कारण सगळा प्रश्न तिथेच अडतोय.

एमजी, ट्रायम्फ स्पिटफायर वगैरे बघून झालं, कागद चोख असलेली या पैशात मिळत नाही आणि जी मिळते तिचे कागद धड नसतात. माझदा मिआटा कंपनीने आपल्याकडे कधी विकलीच नाही. मित्र म्हणतो फियाट पालिओ १.६ घे, शंभर हॉर्सपॉवर आहे, वळणावर काय सुंदर चालते. मान्य, पण तिला छप्पर आहे. शेवटी दोन गाड्या उरल्या.

पहिली कोल्हापूरला, स्टँडर्ड हेराल्ड, साठच्या दशकातली. मालक २ लाख २० हजार म्हणतायत, थोडे खाली येतील. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ही मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने बनवलेली ट्रायम्फ हेराल्ड, मूळची इंग्लंडात १९५९ ला आली, डिझाईन इटलीच्या मिकेलोत्तींचं, आणि १९६२ ची स्पिटफायर याच हेराल्डची चॅसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, आखूड करून बनवली, म्हणजे स्पिटफायर परवडत नसेल तर ही तिची थोरली बहीण. अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं, इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाकं सगळं उघडं समोर, पुढच्या टायरवर बसून काम करता येतं. मी बघतच राहिलो खरं सांगायचं तर.

सावंतवाडीचे आमचे मेस्त्री सोबत होते, त्यांनी बॉनेटकडे ढुंकूनही बघितलं नाही. "गाडी खालसून बघ, वरसून काय, सगळ्योच बऱ्यो दिसतत" म्हणाले आणि सरळ खाली आडवे झाले. खिशातून चुंबक काढला, दाराच्या मध्यावर लावला, टक्कन चिकटला. खाली खाली सरकवत नेला, दाराच्या शेवटच्या चार बोटांत आला आणि सुटून खाली पडला. तिथे पत्रा नाहीच, लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलाय. दोन्ही बाजूंना तेच, आणि पायाखालच्या पत्र्याला रबरी मॅटखाली दोन तळव्याएवढे तुकडे वेल्डिंग केलेले. मधली मुख्य चॅसी मात्र ठणठणीत वाजली, बॉडीला आधार द्यायला चॅसीच्या बाजूला निघालेल्या दांड्यांपैकी (आउटरिगर) मागचा एक कुजलाय. आणि आधीच्या कोणीतरी छप्पर काढून कापडी हूड बसवलाय, आरसीवर मात्र गाडी बंद छपराचीच आहे. मालक म्हणतात एवढी वर्षं कोणी विचारलं नाही.

दुसरी बेळगावला, सॅन स्टॉर्म, २००० ची, केए-२२ पासिंग, २ लाख ७५ हजार. टू-सीटर, बॉडी फायबरची, इंजिन रेनॉचं ११४९ सीसी, साठेक हॉर्सपॉवर. फायबर म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला, कारण आमच्याकडे पत्रा म्हणजे दर पावसाळ्याला भीती. चालवून बघितली, हलकी आहे, गिअर नीट पडतात, एसीची अपेक्षा नाहीच. हूड दोन ठिकाणी फाटलाय, दारांच्या बिजागऱ्यांजवळ रंगाला बारीक चिरा आहेत. खालून बघायला रॅम्प मिळाला नाही, दुकानं बंद होती.

तर प्रश्न असा की समुद्राकाठी या दोघींत कोण टिकेल, हेराल्डच्या कापलेल्या छपराचं आरटीओत काय होईल, आणि स्टॉर्मला उद्या एखादा सेन्सर गेला तर मी तो आणणार कुठून? १५ वर्षांवरच्या गाड्या भंगारात काढायला लावतात म्हणून घरचे घाबरलेत, तेही कोणीतरी नीट सांगा.

प्रतिसाद

कागदांचं सांगतो, त्यात माझी बरीच वर्षं गेलीत.

भंगाराची भीती काढून टाका. १० वर्षांचं डिझेल आणि १५ वर्षांचं पेट्रोल हा नियम दिल्ली आणि आसपासचा, सिंधुदुर्गात तसं काही नाही. इथे १५ वर्षांनंतर गाडी दाखवून पास करून दर पाच वर्षांनी आरसी वाढवून घ्यायची आणि पर्यावरण कर भरायचा. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून चारचाकीला ५ हजार झाली, २० वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये १० हजार केली. दोन्ही गाड्या २० वर्षांवरच्या आहेत, त्यामुळे हे बजेटमध्ये धरा. आणि आरसी आत्ता जिवंत आहे का ते पैसे द्यायच्या आधी बघा, मुदत संपून गेली असेल तर दर महिन्याचा दंड साठत जातो आणि तो घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

हेराल्ड ५० वर्षांवरची आहे म्हणून कोणी तुम्हाला व्हिंटेज नोंदणी सुचवेल. २०२१ च्या नियमात ती सोय आहे, नंबरात व्हीए अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं. पण ती गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यालाच. तुमच्या रविवारच्या शिरोड्याला ती कामाची नाही. वर छप्पर कापलेलं, म्हणजे मूळ रूप राहिलंच नाही. साध्या नोंदणीतही मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, कंपनीने बनवलं त्याच्यापेक्षा वेगळं करायचं नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते पक्कं केलंय. एवढी वर्षं कोणी विचारलं नाही हे मालकाच्या बाबतीत खरं असेल, पण तुम्ही आरटीओच्या फिटनेस तपासणीला गाडी उभी कराल तेव्हा इन्स्पेक्टर विचारणारच, आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्याच्याही आधी विचारेल.

स्टॉर्मला कर्नाटकातून फॉर्म २८ ची एनओसी काढावी लागेल, मग ओरोसच्या आरटीओत एमएच-०७ नंबर, इथला रोड टॅक्स वेगळा भरायचा. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही स्वतःच्या डोळ्यासमोर घ्या. चॅसी नंबर पेन्सिल घासून कागदावर उतरवून आरसीशी पडताळा, एजंटावर सोडू नका.

प्रतिसाद

मी देवगडचा. वरच्या दादांनी कागदांचं सांगितलं, मी गंजाचं सांगतो.

हेराल्डला वाईट म्हणू नका, चॅसी वेगळी आणि बॉडी वर नटबोल्टने बसवलेली असल्यामुळे तिच्याएवढी दुरुस्त होणारी गाडी नाही. छप्परसुद्धा मुळात बोल्टवरच असतं. ते काढून ठेवलेलं असेल तर शोधा, परत बसवता येईल आणि कागदाचा प्रश्नच मिटेल. पण कापलं असेल तर सोडा. पार्ट इंग्लंडमध्ये अजून नवे बनतात, स्पिटफायरचे बरेच लागू होतात, कस्टम धरून महाग पडतात. जुने चेन्नईच्या पुदुपेट्टैत शोधायचे.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवा, कारण आपल्याकडचे फिटर हमखास चुकतात. पुढच्या चाकाला खाली पितळी ट्रनियन असतं, म्हणजे चाक ज्यावर वळतं तो सांधा, त्याला ग्रीस नाही मारायचं, ९० नंबरचं गिअर ऑइल भरायचं. ग्रीस मारलं की आत तेल पोचत नाही, पाणी शिरतं, आतला दांडा गंजून झिजतो आणि एक दिवस वळणावर चाक आडवं होतं. मागची चाकं स्विंग अॅक्सलवर आहेत, म्हणजे प्रत्येक चाक आपल्या अॅक्सलसकट वरखाली झुलतं, आंबोलीच्या वळणात मध्येच अॅक्सिलरेटर सोडून ब्रेक मारला तर मागचं चाक आत दुमडतं आणि गाडी फिरते. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, मग पायात हलका दाब ठेवून बाहेर पडायचं.

स्टॉर्मचं फायबर गंजत नाही, पण त्याच्या आतली लोखंडी फ्रेम गंजते आणि ती दिसत नाही, हे तिच्यातलं मोठं दुखणं. बिजागऱ्यांजवळच्या चिरा नुसत्या रंगाच्या असतील तर काही नाही, पण दार उघडून वर उचलून बघा, बिजागरीबरोबर बॉडी हलली तर आतलं लोखंड गेलंय. रॅम्पशिवाय एक रुपयाही देऊ नका. इंजिन रेनॉचं आहे म्हणून रेनॉच्याच लोगन गाडीचे पार्ट लागतील असं कोणी सांगेल, लोगनचं १.४ वेगळं. हे डी७एफ, परदेशात ट्विंगो आणि क्लिओला होतं, तिकडूनच मागवावं लागेल. पेट्रोल इंजेक्शनची गाडी आहे, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) गेला तर महिनोन्‌महिने उभी. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर पहिल्याच दिवशी बदला.

दोन्हीपैकी कुठलीही घ्या, पेट्रोलचे रबरी पाईप सगळे नवे घाला. आता पंपावर २० टक्के इथेनॉल असतं, जुनं रबर फुगतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आमच्या दमट हवेत तर जास्तच. पावसाचे चार महिने उभी ठेवायची तर टाकी रिकामी करून ठेवा. ताडपत्री टाकू नका, आत घाम धरतो. शेड वारा खेळता हवा, खाली सिमेंटचा कोबा, मातीवर नको. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, गाडी कधीच उतरवायची नाही, आणि समुद्राकडून आलं की खालून गोड्या पाण्याने धुवायची, दारांच्या तळाची भोकं काडीने मोकळी ठेवायची.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ट्रनियनचं मेस्त्रींना वाचून दाखवलं, त्यांनी तेव्हाच वहीत लिहून घेतलं.

कोल्हापूरला फोन केला. छप्पर कापून भंगारात दिलंय, मालकांनी प्रामाणिकपणे सांगितलं. गाडी मनात बसली होती, अजूनही बसलेली आहे, पण फिटनेसला उभी राहू न शकणारी गाडी मी घेणार नाही. दुसरी कोणती पूर्ण छपराची, दोन दारांची हेराल्ड चालू आरसीसकट कोणाच्या पाहण्यात असेल तर कळवा, गंज असला तरी चालेल, मुख्य चॅसी शाबूत हवी. छप्पर बोल्टवर आहे म्हणता तर कायमचं न काढता, बंद ठेवूनच चालवेन, खिडक्या उघड्या ठेवून.

स्टॉर्म सोडलेली नाही. मालक रॅम्पवर घ्यायला तयार आहेत. माझा हिशोब असा की ती २ लाख ३० च्या आत आली तर टॅक्स, नूतनीकरण, बेल्ट, पाईप, हूड एवढं करून थोडे पैसे सेन्सरसाठी उरतात, त्याच्यावर गेली तर नाही. आता मला बेळगावात असा कोणी फिटर हवाय ज्याने फायबर बॉडीच्या गाडीची फ्रेम उघडून बघितलेली आहे आणि ज्याच्याकडे जुन्या रेनॉचं इंजेक्शन तपासायचं मशीन आहे. टिळकवाडी, उद्यमबाग, कुठेही चालेल. पुढच्या रविवारी सकाळी मेस्त्रींना घेऊन जातोय, त्याच्या आधी कोणी सुचवलं तर फार मदत होईल.