मदत हवी आहे : टॅब्लोमध्ये तीन कड्यांचा डोनट (गाव, पीक, ओलित)

वावरधुरा
शेतकरी गटाचा खरीप पेरा टॅब्लो या चार्ट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच डोनटात, म्हणजे मधे भोक असलेल्या गोल चार्टात, दाखवायचाय. आतल्या कड्यात गाव, मधल्यात पीक, बाहेरच्यात ओलित की कोरडवाहू. मिन(0) हे सूत्र दोनदा घेऊन ड्युअल ॲक्सिस केलं, म्हणजे दोन चार्ट एकमेकांवर चढवले. दोन पाय (गोल चार्ट) बसले, तिसऱ्याला जागाच नाही. पिकाचे तुकडे आपापल्या गावासमोर येत नाहीत. पऱ्हाटीचे (कपाशीचे) तर एकाच गावात दोन रंगांचे दोन तुकडे दिसतात, शीटमध्ये नाव एकच आहे.

कोरडवाहू
भाऊ, ड्युअल ॲक्सिस दोनावरच थांबतं. टॅब्लो 2020.4 पासून नकाशावर हवे तेवढे मार्क्स लेयर (चित्राचे थर) चढवता येतात, तो रस्ता धरा. 'केंद्र' नावाचं कॅल्क्युलेटेड फील्ड (सूत्राचा रकाना) करा : मेकपॉइंट(0, 0), म्हणजे सगळे लेयर एकाच बिंदूवर बसतील. त्यावर डबल क्लिक केलं की नकाशा येतो. बॅकग्राउंड मॅप 'नन' करा. मग तेच फील्ड ओढून डाव्या कोपऱ्यातल्या 'ॲड अ मार्क्स लेयर'वर सोडा.

नवा लेयर वर बसतो, म्हणून बाहेरचं कडं आधी, मग मधलं, मग आतलं, शेवटी भोकासाठी पांढरं सर्कल. उलट केलं तर मोठा पाय सगळं झाकून टाकतो. तिन्हींना मार्क 'पाय', अँगलवर क्षेत्राची बेरीज, साइज प्रत्येकाची वेगळी. पांढऱ्या लेयरवर 'डिसेबल सिलेक्शन' करा. मॅप ऑप्शन्समधलं पॅन-झूम बंद ठेवा, नाहीतर मोबाईलवर बोट लागलं की डोनट सरकतो.

तुकडे समोरासमोर यायला कलरवर नुसतं पीक ठेवू नका, त्याने गावांची सरमिसळ होते. मधल्या कड्यात [गाव] + "-" + [पीक], बाहेरच्यात त्याला [सिंचन] जोडून. तिन्ही फील्डांचं सॉर्ट अल्फाबेटिक. नंतर एडिट कलर्समध्ये ओलिताच्या सगळ्या नावांना एकच निळा, कोरडवाहूला एकच तपकिरी.

दोन पऱ्हाटींचं कारण बहुतेक टायपिंगात आहे. 'ऱ्ह' दोन प्रकारे टाइप होतं : एकात सुटा ऱ, दुसऱ्यात साधा र आणि मध्ये न दिसणारा जोडक. डोळ्याला सारखं, कॉम्प्युटरला वेगळं. एका पेशीतलं नाव कॉपी करून संपूर्ण रकान्यात भरा. 'सोयाबीन'चं कुठे 'सोयाबिन' झालंय का ते आणि नावामागची मोकळी स्पेसही तपासा.

मोजणीदार
क्षेत्राचा रकाना आधी पाहा. सातबाऱ्यावरचे 1 हेक्टर 40 आर म्हणजे 1.40 हेक्टर, ते थेट चालतं. पण कुणी 2 एकर 20 गुंठे '2.20' असं भरलं असेल तर ते चूक, कारण 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे 2.5. कडी सुंदर जुळतील आणि आकडे खोटे निघतील. सगळं हेक्टरमध्ये आणूनच चार्टला हात घाला.

वावरधुरा
लेयर बसले दादा, पऱ्हाटीही एक झाली. आता बाहेरच्या कड्यावर लेबलं एकमेकांवर चढतात.

कोरडवाहू
तिथली लेबलं काढूनच टाका, दोन रंगांची खूण बाजूला पुरते. बाहेरचा आकडा टूलटिपमध्ये (तुकड्यावर बोट किंवा माउस नेल्यावर उघडणाऱ्या चौकटीत) द्या. बैठकीत कागदावर वाटायचं असेल तर मात्र टूलटिप कामाची नाही, खाली गाववार छोटा तक्ता जोडा.