समुद्रावरून घरी परतल्यावर: तुमचे अनुभव सांगा

मे संपत आला की कोकणातून भरलेल्या गाड्या घाट चढू लागतात. जायच्या तयारीवर आपण पुष्कळ बोलतो, परतण्यावर फारसं नाही. माझ्या मते परतीचा दिवसही तितकाच जपावा. घरी पोचल्यावर तुमच्याकडे काय चालतं, काय उपयोगी पडतं, मनात काय राहतं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही पुण्याचे. हर्णै-मुरुडला समुद्रात भिजलेले कपडे तिथेच गोड्या पाण्यातून काढते. मीठ हवेतली ओल धरतं, म्हणून नुसते वाळवलेले कपडे पिशवीत पुन्हा दमट होतात आणि कुबट वास येतो. वाळू मात्र कडकडीत सुकल्यावरच झटकायची. घरी आल्यावर पहिलं जेवण ठरलेलं: कुळथाची पिठी आणि गरम भात. दापोलीत घेतलेलं पीठ सामानात सगळ्यात वर ठेवते, म्हणजे बॅगा न उघडता चूल पेटते. त्या रात्री मुलं काही मागत नाहीत, पोटभर जेवतात आणि झोपतात.

कोल्हापूरहून:
गणपतीपुळ्याहून आम्ही सकाळीच निघतो, आंबा घाट उजेडी चढायचा म्हणून. साखरप्याला चहा होतो. दुसऱ्या दिवशी गाडी खालून स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या, खाऱ्या वाऱ्याने पत्रा लवकर गंजतो. आणि कृपा करून गाडी पुळणीवर नेऊच नका. भरती चढायला लागली की रुतलेली गाडी काढणं फार कठीण.

डोंबिवलीहून:
आमचं गाव मालवणजवळ, त्यामुळे समुद्र पाहायला जाणं आणि आजीकडे जाणं एकच. निघायच्या आदल्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही. कोकमाचं आगळ, आमसुलं, फणसाची साठं, सुके बांगडे वेगळ्या पिशवीत, त्यावर कागदाची आणखी दोन वेष्टनं. आंबे थोडे कच्चेच देते. घरी आल्यावर ते पेंढ्याच्या अढीत घालायचे आणि रोज चाचपून पिकलेले वेगळे काढायचे. कुडाळला तुतारी एक्सप्रेसमध्ये बसवायला काका येतात. आजी येत नाही, स्टेशनवर तिला भरून येतं. ती घरूनच सांगते, "पोचल्यार फोन कर हां." करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा येतो तेव्हा मुलं झोपलेली असतात, मी जागी असते. सकाळी घरी पोचल्याबरोबर चपलाही न काढता आधी फोन लावते. पहिल्या रिंगला उचलते ती. आंबे संपेपर्यंत मुलं रोज तिच्याशी बोलतात, कुठला फोडला ते सांगतात. माझं सगळ्यांना सांगणं आहे, गावी कोणी म्हातारं माणूस असेल तर परतल्यानंतरचा पहिला आठवडा फोन चुकवू नका. घर एकदम रिकामं होतं त्यांचं.

गुहागरहून:
मी इथलाच, घरगुती खानावळ आणि दोन खोल्या चालवतो. पाहुणे परतले की आमचं काम सुरू. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, म्हणून सुक्या मासळीची बेगमी, झापं बांधणं, लाकूडफाटा आत घेणं, सगळं पावसाआधी आटपायचं. खोल्या झाडताना मुलांची खेळणी, चष्मे, चार्जर सापडतात. आम्ही जपून ठेवतो. तेव्हा घरी बॅग रिकामी करताना काही कमी वाटलं तर संकोच न करता विचारा.

ठाण्याहून:
शिंपल्यांचं सांगते. मुलांना किनाऱ्यावरच सांगायचं की शंख उचलल्यावर थोडा वेळ ओल्या वाळूवर ठेवा. चालायला लागला तर आत खेकडा आहे, त्याला तिथेच सोडायचं. रिकामे मोजकेच आणा. घरी आल्यावर साध्या पाण्यात रात्रभर भिजवून उन्हात वाळवले की वास राहत नाही. मोठे शंख कोणी विकत देत असेल तर घेऊ नका, काही जाती कायद्याने संरक्षित आहेत.