मदत हवी आहे: आईची शुगर घरी तपासतो, पण कोणता आकडा खरा धरू?

नमस्कार. वरूड तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. आई ६२ वर्षांची, नऊ वर्षांपासून शुगर. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे. मागच्या महिन्यात भर दुपारी तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं. आम्हाला वाटलं ऊन लागलं. आशाताई जवळच होत्या, त्यांनी साखरपाणी पाजलं आणि ती सावरली. डॉक्टर म्हणाले, शुगर उतरली असणार, घरी मशीन ठेवा, आकडे वहीत लिहा. मशीन आणलं, पण वापरायचं कसं हे कोणी बसून शिकवलं नाही.

सकाळी उपाशीपोटी १२८, १३४, १२१ असे आकडे येतात. परवा दुपारी मात्र एकदम ३१८! भाऊ म्हणाला, एक गोळी जास्त दे. माझी हिंमत झाली नाही. अर्ध्या तासाने, ती जेवायला हात धुऊन बसली तेव्हा पुन्हा पाहिलं, तर १७१. बोट दोन्ही वेळा स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं होतं. त्या दिवशी तोड चालू होती, नातवंडांना संत्री सोलून देत ती झाडाखाली बसली होती.

शिवाय कामाने तिची बोटं कडक झालीत, रक्त लवकर येत नाही, मग मी दाबत बसतो. ती चिडते, "कायले बोटं टोचून राह्यला रोज रोज?" मशीनमध्ये घालायच्या पट्ट्याही स्वस्त नाहीत. दिवसातून किती वेळा पाहू?

प्रतिसाद
दादा, जास्तीची गोळी दिली नाही हे फार चांगलं केलं. मी उपकेंद्रात नर्स होते. ३१८ मध्ये बहुतेक संत्र्याचाच रस असणार. सोललेल्या फळाची साखर बोटाला राहते आणि स्पिरिटने ती नीट जात नाही. साबणाने हात धुवा, पूर्ण कोरडे करा, मगच टोचा. कोमट पाणी घेतलं तर रक्तही सहज येतं. टोचायचं बोटाच्या कडेला, मधोमध नाही. दर वेळी बोट बदला, टोचायच्या पेनवरचा खोलीचा आकडा एकाने वाढवा. जोरात दाबू नका, हात खाली सोडून ठेवा.

पट्ट्या कुठे ठेवता? त्या ३० अंशांच्या वर खराब होऊ लागतात. टिनाच्या खोलीत, खिडकीत नको, फ्रिजमध्येही नको. घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, डबीचं झाकण घट्ट लावून.

आणि ७० च्या खाली आलं तर तीन चमचे साखर पाण्यातून लगेच, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, गाडी काढा किंवा १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइड घेऊन जेवण टाळलं की शुगर उतरते, तोडीच्या दिवशी हेच होतं. त्या दिवशी दुपारीही पाहा. एरवी किती वेळा ते डॉक्टरांना वही दाखवून ठरवा.

धागाकर्ता
ताई, पट्ट्या खरंच टिनाखालीच होत्या. नवीन डबी आणली, देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवली. काल हात धुऊन पाहिलं, दुपारी १६४. आईला ३१८ ची गोष्ट समजावली, तेव्हापासून स्वतःच साबण मागते. एकच विचारायचं राहिलं. जेवणानंतर दोन तासांनी शुगर पाहायची, तर ते दोन तास कधीपासून मोजायचे?

प्रतिसाद
पहिल्या घासापासून. वहीत घासाची वेळही लिहा, आणि त्या दिवशी भाकर होती की भात, तेही.