'एक्स्टेन्शन'ला काय म्हणायचं? विस्तार, प्रत्यय की शेपूट?

ऐरोलीकर: मंडळी, अडलंय. एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतोय. इंटरनेटवर नवनवीन डोमेन एक्स्टेन्शन, म्हणजे वेबपत्त्याच्या शेवटी येणारी डॉट इन, डॉट कॉम अशी टोकं, आली, त्याचा देशांच्या दोन अक्षरी डोमेनच्या कारभारावर काय परिणाम झाला, असा विषय. 'एक्स्टेन्शन'ला मी 'विस्तार' लिहिलं. प्रूफं बघणाऱ्या बाईंनी समासात लाल पेनाने विचारलं, 'कसली मुदतवाढ?' त्यांचंही बरोबर. 'डॉट इन'मध्ये वाढत काहीच नाही, उलट नाव तिथे संपतं. त्यात आधीच्या भाषांतरकाराने 'डेलिगेशन'चं 'शिष्टमंडळ' करून ठेवलंय. 'डॉट टीव्हीचे शिष्टमंडळ तुवालूकडे आहे' हे वाक्य मी दोनदा वाचलं.

घंटाळीची ताई: 'सोपवणूक' लिहा तिथे. आणि एक्स्टेन्शनला सरळ प्रत्यय. शेवटी लागतो तो प्रत्यय.

महापे रात्रपाळी: मी डेटा सेंटरमध्ये आहे. आपसात आम्ही टीएलडी, म्हणजे टॉप लेव्हल डोमेन, म्हणतो. गिऱ्हाइकाला फोनवर विचारतो, 'डॉटच्या पुढचं काय हवंय?' आजवर एकालाही कळलं नाही असं झालेलं नाही.

घंटाळीची ताई: 'डॉटच्या पुढचं' हे पुस्तिकेत छापणार का, दादा?

कोपरखैरणे गाव: 'विस्तार' म्हटलं की आमच्याकडे एकच, गावठाण विस्तार. जमिनी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोत गेल्या, गावठाणाची रेघ होती तिथेच राहिली. पोरांनी बापाच्या घराला लागून घरं बांधली ती अनधिकृत. तेव्हा तो शब्द नको. डोमेनला मी 'नावठाण' सुचवतो. गावाचं गावठाण, नावाचं नावठाण.

घंटाळीची ताई: वा! ठाण म्हणजे स्थान. ठाण्याचं शिलाहारकालीन नाव श्रीस्थानक. म्हणजे डोमेन हे मुळात ठाणेच!

ऐरोलीकर: ताई, ठाण्याचा अभिमान बाजूला ठेवू. माझी खरी अडचण वेगळी आहे. रोमन लिपीत बघा तर दोन अक्षरांचे सगळे देशांचे किंवा प्रदेशांचे, जवळजवळ सगळे आयएसओ ३१६६ या देशांच्या कोडच्या आंतरराष्ट्रीय यादीतून घेतलेले. तीन किंवा जास्त अक्षरांचे बाकी सगळे. २०१२ मध्ये अर्ज मागवले तर १,९३० आले, एका अर्जाची फी १ लाख ८५ हजार डॉलर. डॉट शॉप, डॉट लंडन असली मंडळी त्यातली. हे आयकॅन या जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघणाऱ्या संस्थेशी करार करून चालतात. देशांचं मात्र बरंचसं ज्याच्या त्याच्या घरी ठरतं, आपलं डॉट इन निक्सी या भारतातल्या संस्थेकडे आहे. दोघांना एकच 'प्रत्यय' म्हटलं तर हा फरक बुडतो.

नौपाडा जुना: आडनाव म्हणा! देशाचं ते 'कर'वालं आडनाव. डॉट इन म्हणजे भारतकर. नवे ते धंद्यावरून पडलेले, सोनार, जोशी, कुलकर्णी. आणि कुणी दापोलीकर तीन पिढ्या नौपाड्यात राहतो, दापोली बघितलेली नाही, तसे हे डॉट एआयवाले. तो कोड कॅरिबियनमधल्या चिमुकल्या अँग्विलाचा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनी त्यांच्या तिजोरीत भर घातली, पण बेट नकाशावर दाखवा म्हटलं तर पंचाईत.

ऐरोलीकर: हे झकास आहे काका. पुस्तिकेतही तेच म्हटलंय, की नव्यांच्या गर्दीत छोटे देश आपला कोड धंद्याच्या नावासारखा विकू लागले.

महापे रात्रपाळी: नव्यांची गर्दी नंतरची हो. डॉट टीव्ही, तुवालू या बेटांच्या देशाचा कोड, त्याच्या कितीतरी आधीपासून विकलं जातंय. पुस्तिकेतच घोळ दिसतोय.

नौपाडा जुना: 'कर' म्हणजे करणारा, असं काहीजण सांगतात बरं का. मला पटत नाही.

घंटाळीची ताई: मग कुठून आलं? 'कर' म्हणजे सारा, असंही ऐकलंय.

महापे रात्रपाळी: आडनाव बदलता येतं, पण गावच यादीतून गेलं तर? युगोस्लाव्हिया फुटला, डॉट वाययू २०१० मध्ये बंद. सोव्हिएत संघ १९९१ लाच संपला, डॉट एसयू अजून जिवंत. आता ब्रिटनच्या ताब्यातली चागोस बेटं, ज्यांचा कोड डॉट आयओ, मॉरिशसकडे जायचं ठरलं म्हटल्यावर डॉट आयओवाले आम्हाला विचारतात, आमचं काय होणार.

कोपरखैरणे गाव: डॉट एसयूची ती वहिवाट. कागद नाही, पण उठवणार कोण? आणि पुस्तिकेत डोमेनचा 'मालक' लिहू नका. १९९४ च्या आरएफसी १५९१ या इंटरनेटच्या नियम-टिपणात, तेव्हा ही नावं सांभाळणाऱ्या जॉन पोस्टेलने लिहिलंय की मालकीहक्काची भाषा इथे गैरलागू, सांभाळणारा हा विश्वस्त. आमच्या जमिनींना कुणी असं म्हटलं असतं तर.

घंटाळीची ताई: विश्वस्त म्हणायचं आणि नाव विकायचं! २०१२ च्या त्या अर्जांत डॉट राम एका मोटार कंपनीने मागितलं, तेव्हा भारत सरकारनेच हरकत घेतली. ती कुठल्या विश्वस्ताच्या नात्याने?

महापे रात्रपाळी: ताई, शुद्ध मराठीचा एवढा ध्यास तर डॉट भारत घ्या, देवनागरीतलं, २०१४ पासून आहे. मी घेतलं. एका अर्जात त्या पत्त्यावरचा ईमेल भरला तर उत्तर, 'पत्ता चुकीचा आहे'.

घंटाळीची ताई: म्हणून काय भाषा सोडायची?

महापे रात्रपाळी: सोडा कोण म्हणतंय? शब्द लोकांनी बोलला तर शब्द. 'प्रत्यय', 'नावठाण' कोण बोलणार?

कोपरखैरणे गाव: गावठाण बोलतात की सगळे. अनधिकृत असलं तरी.

ऐरोलीकर: मंडळी, फाइल सोमवारी द्यायचीये. 'एक्स्टेन्शन'चं काय करू?

नौपाडा जुना: ते नंतर. आधी 'कर'चं मिटवू. ताई, सारा वसूल करणारा तो कर, तर मग आमचे मालवणकर कुणाकडून वसूल करत होते?