घरी लघवीचे माप ठेवताना पिशवीवरची रेघ खरी मानावी की भांडे?

प्रश्न (जिंतूर, जि. परभणी)

नमस्कार. माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, वय ६९ वर्षे असून वजन ६० किलो आहे. प्रोस्टेट वाढल्यामुळे गेल्या आठवड्यात त्यांची लघवी पूर्ण तुंबली आणि त्याचा ताण किडनीवर येऊन क्रिएटिनिनही (किडनी नीट काम करत नसली की रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) वाढले. रुग्णालयात मूत्राशयात नळी घातल्यावर पहिल्या चोवीस तासांत साडेचार लिटर लघवी झाली. त्या वेळी सिस्टर दर तासाला माप घेत होत्या आणि त्यासाठी पिशवीच्या वरच्या बाजूला कडक प्लास्टिकचा, बारीक रेघांचा एक डबा जोडलेला होता. आता क्रिएटिनिन उतरले आहे व आबांना नळीसह घरी सोडले आहे. आठ दिवसांनी दाखवायला जाईपर्यंत रोज पोटात किती पाणी गेले आणि किती लघवी झाली हे लिहून ठेवावे, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

घरी मात्र २ लिटरची साधी युरोबॅग आहे. काल सकाळी पिशवीवर ६०० ची रेघ दिसत होती. तीच लघवी मेडिकलमधून आणलेल्या मापाच्या भांड्यात घेतली तर ७२० मिलीलीटर भरली. संध्याकाळी नेमके उलटे झाले, पिशवीवर ५०० आणि भांड्यात ४३०. यातले वहीत काय लिहावे?

दुसरे असे की, परवा रात्री दहापासून एकपर्यंत पिशवीत थेंबही आला नाही. मी घाबरून शेजाऱ्यांची गाडी काढायला सांगितली, तेवढ्यात आबांनी कूस बदलली आणि नळीतून एकदम लघवी वाहू लागली. हे कशाने झाले असावे? आणि तो डबा असलेली पिशवी किंवा एखादे इलेक्ट्रॉनिक यंत्र घरासाठी घ्यावे का?

उत्तर १ (नांदेड, अतिदक्षता विभागात परिचारिका)

दादा, भांड्याचे माप लिहा. युरोबॅग ही लघवी साठवण्यासाठी केलेली पिशवी आहे, मोजण्यासाठी नव्हे. तिचे प्लास्टिक मऊ असते, त्यामुळे पिशवी जशी फुगते, वाकते किंवा भिंतीला टेकते तशी लघवीची पातळी वर-खाली दिसते. पिशवीवरच्या रेघांवरून फार तर अंदाज घ्यावा. खालची तोटी उघडून लघवी भांड्यात घ्यावी, भांडे सपाट जागी ठेवावे, आपले डोळे पातळीच्या रेषेत आणावेत आणि मगच आकडा वाचावा. भांडे फक्त याच कामासाठी असावे. तोटीचे टोक भांड्याच्या कडेला लागू देऊ नये, हात आधी व नंतर साबणाने धुवावेत. पिशवी पूर्ण भरण्याची वाट पाहू नये, दोन-तृतीयांश भरली की रिकामी करावी, कारण भरलेल्या पिशवीचे वजन नळीला ओढते आणि नळी निसटू नये म्हणून तिच्या आतल्या टोकाशी असलेला फुगा मूत्राशयाच्या तोंडाशी ताण देतो.

रुग्णालयात आपण पाहिलेल्या डब्याला आम्ही युरोमीटर म्हणतो. तासाभराची लघवी आधी त्या कडक डब्यात जमते, आकडा लिहिला की डबा कलता करून ती खालच्या पिशवीत सोडतात आणि पुढचा तास पुन्हा शून्यापासून सुरू होतो. हे दर तासाला करण्याचे कारण असे की, किडनीवर घाला आल्याची खबर रक्तातल्या क्रिएटिनिनच्या आधी लघवी देते. क्रिएटिनिन चढायला एक-दोन दिवस लागू शकतात, लघवी मात्र काही तासांतच कमी होते. २०१२ सालच्या केडिगो या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार दर किलो वजनामागे तासाला अर्ध्या मिलीलीटरपेक्षा कमी लघवी सलग सहा तास झाली, तर किडनीला तीव्र इजा झाल्याचे धरतात. आबांच्या ६० किलो वजनाला हा हिशेब तासाला ३० मिलीलीटरचा होतो. पहिल्या दिवशीचे माप मात्र उलट्या काळजीपोटी होते. तुंबलेली लघवी मोकळी झाल्यावर किडनी कधी कधी पाणी आणि क्षार भराभर सोडून देते. तासाला २०० मिलीलीटरच्या वर लघवी जाऊ लागली तर शरीर कोरडे पडते व सोडियम-पोटॅशियम बिघडते. तो टप्पा आबांनी ओलांडला आहे, म्हणूनच त्यांना घरी सोडले असणार. आता चोवीस तासांची बेरीज पुरेशी आहे, युरोमीटरची गरज नाही.

रात्रीच्या प्रकाराबद्दल थोडे सविस्तर सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या एका रुग्णाच्या तक्त्यावर सलग दोन तास शून्य लिहिले गेले होते. सलाईन वाढवायचे की लघवी वाढवणारे इंजेक्शन द्यायचे, इथपर्यंत चर्चा गेली. नंतर मी चादर बाजूला केली तेव्हा नळीवरची पांढरी चिमटी लागलेलीच दिसली. एक्स-रेला नेताना ती मीच लावली होती आणि परत आणल्यावर काढायची राहिली होती. चिमटी सोडताच साडेतीनशे मिलीलीटर लघवी आली. तेव्हापासून पिशवी कोरडी दिसली की माझा हात आधी नळीवर जातो. मांडीखाली दबली आहे का, पिळली आहे का, चिमटी लागली आहे का, आणि नळीचा मधला भाग खाली लोंबून त्यात लघवी साचली आहे का, हे सगळे पाहावे. लोंबलेल्या भागात साचलेली लघवी पुढच्या प्रवाहाला उलटा दाब देते. आबांची नळी बहुधा मांडीखाली दबली असावी. ती मांडीला सैलसर चिकटपट्टीने बांधावी आणि तिथून पिशवीपर्यंत उतरती ठेवावी.

नळी सरळ करूनही लघवी येत नसेल, ओटीपोट फुगून दुखत असेल, रक्ताच्या गाठी येत असतील किंवा थंडी वाजून ताप भरला असेल, तर मात्र माप घेत बसू नका, रात्र असली तरी दवाखान्यात जा. घरच्या घरी नळीत पाणी मारू नये आणि नळी ओढू तर मुळीच नये. आतला पाण्याने भरलेला फुगा रिकामा केल्याशिवाय ती ओढल्यास मूत्रमार्ग फाटतो.

उत्तर २ (केज, जि. बीड)

मी माझ्या सासऱ्यांची नळी चार महिने सांभाळली, म्हणून दोन गोष्टी लिहिते.

आपल्याकडची बाज ठेंगणी असते. पिशवी मूत्राशयापेक्षा खाली हवी आणि तरीही जमिनीला टेकायला नको, हे दोन्ही बाजेवर जमत नाही. आम्ही बाजेच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा घातल्या आणि पिशवी बाजूच्या लाकडाला हुकाने टांगली. उठ-बस करताना सासरे पिशवी हातात धरून छातीशी घ्यायचे, आल्या-गेल्याला दिसू नये म्हणून धोतराच्या सोग्याखाली झाकायचे. त्यांना किती संकोच वाटत असेल, हे मला कळत होते. पण पिशवी वर गेली की आतली लघवी नळीतून मागे फिरते आणि जंतू घेऊन जाते. एसटीने दाखवायला जाताना हाच प्रश्न येईल, तेव्हा प्रवासापुरती मांडीला किंवा पोटरीला बांधायची लहान पिशवी घ्यावी; ती कपड्याखाली राहते आणि माणूस मोकळेपणाने बसतो.

पाण्याची नोंद लघवीच्या नोंदीपेक्षा अवघड जाते. आम्ही सासऱ्यांचा तांब्या आणि पेला मापाच्या भांड्याने एकदा मोजून ठेवले होते. त्यांचा पेला १८० मिलीलीटरचा निघाला, आम्ही तो पावशेराचा धरून चाललो होतो. चहा, ताक, आंबील, वरणाचे पाणी हे सगळे धरावे. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर गेला की घामावाटेच पुष्कळ पाणी जाते, त्यामुळे पोटात गेले तितके पिशवीत उतरणार नाही, आणि लघवी गडद पिवळी दिसू लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे. मात्र हृदयाचा त्रास असेल तर किती पाणी द्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायला हवे.

उत्तर ३ (छत्रपती संभाजीनगर, वैद्यकीय उपकरणांची देखभाल)

यंत्राविषयी विचारले आहे म्हणून लिहितो. रुग्णालयातली इलेक्ट्रॉनिक युरोमीटरे वेगवेगळ्या पद्धतींची असतात. काही यंत्रे पिशवी वजनमापकावर टांगून वजनावरून माप काढतात, काही थेंब मोजतात, तर काही डब्यातली पातळी ध्वनिलहरींनी किंवा प्रकाशाने ओळखतात. लघवीची घनता पाण्याहून किंचितच जास्त, साधारण १.००५ ते १.०३० असल्यामुळे एक ग्रॅम म्हणजे एक मिलीलीटर धरले तरी चूक तीन टक्क्यांच्या आतच राहते. तान्ह्या बाळांची लघवी डायपरचे वजन करून मोजतात तीही याच हिशेबाने. परंतु वजनावर चालणाऱ्या यंत्राला पलंगाचा धक्का लागला किंवा कोणी नळी ओढली तरी आकडा हलतो, आणि नळी दबल्याने आलेले शून्य व किडनी बंद पडल्याने आलेले शून्य यांतला फरक यंत्राला सांगता येत नाही. ही यंत्रे अतिदक्षता विभागात मिनिटा-मिनिटाचा कल कळावा म्हणून असतात. घरी दिवसाची बेरीज करण्यासाठी तो खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी पिशवी घेताना तिच्या तोंडाशी लघवी मागे फिरू न देणारी झडप आहे ना, एवढे पाहून घ्यावे.

प्रश्नकर्ता (जिंतूर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. नळी मांडीला बांधली, बाजेखाली विटा घातल्या. काल सकाळी सातपासून आज सकाळी सातपर्यंत पोटात २३५० आणि लघवी १६८० मिलीलीटर अशी नोंद झाली. रात्री एकदाही प्रवाह थांबला नाही. दाखवायला जाताना लघवीची तपासणीही करायची आहे. सकाळी पिशवीतली लघवी बाटलीत घेऊन गेलो तर चालेल का?

उत्तर १ (नांदेड)

नाही दादा. पिशवीत तासन्‌तास पडून राहिलेल्या लघवीत जंतू वाढतात आणि नसलेला संसर्ग अहवालात दिसू शकतो. तिथल्या सिस्टर नळीवरचा ठरावीक भाग निर्जंतुक करून सिरिंजने ताजा नमुना घेतील. आपण फक्त वही सोबत न्या.