बाबा शुगरसाठी सदाफुलीची पानं खाऊन राहिले, चालते का?

संत्रानगरीकर:
बाबांना शुगर आहे, मेटफॉर्मिन चालू आहे. सकाळी फुटाळ्यावर फिरायला जातात, तिथं कोण्या काकांनी सांगितलं की उपाशीपोटी सदाफुलीची पानं खा, झालं, तेव्हापासून कुंडीतलं झाड पार बोडकं केलं, कडूजहर लागतात तरी रोज चार-पाच चावून राहिले. म्हणतात याच्यापासून कॅन्सरचं औषध बनते, मग शुगर काय चीज आहे. कोणी फार्मसीवालं असेल तर सांगा प्लीज

इतवारीवाला:
आमच्याकडे अर्ध्या मोहल्ल्याची शुगर कारल्याच्या ज्यूसवर चालू आहे भाऊ, टेन्शन नका घेऊ

बीफार्म_नागपूर:
टेन्शन घ्या थोडं. बाबांचं अर्धं बरोबर आहे, विनक्रिस्टिन आणि विनब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं याच झाडाची. किस्सा असा की १९५०च्या दशकात कॅनडात नोबल आणि बीअर हे दोघं संशोधक सदाफुली शुगरसाठीच तपासत होते, जमैकाहून पानं आली होती, तिकडे लोकं त्याचा चहा प्यायचे. उंदरांना अर्क पाजला तर शुगर काही हलली नाही, इंजेक्शननं दिला तर पांढऱ्या पेशीच धडाधड कमी झाल्या. ब्लड कॅन्सरमध्ये तेच पाहिजे असते, तुमच्या बाबांना काहून पाहिजे? आणि शेकडो किलो सुक्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर विनब्लास्टिन निघते, तेही शिरेतूनच देतात, म्हणजे चार पानांत कॅन्सरचं औषध वगैरे विसरा. पण बाकीचे ढीगभर अल्कलॉइड (झाडातली औषधासारखी काम करणारी रसायनं) पोटात जातातच, त्यांचा डोस कोण मोजणार? बंद करा, आणि डॉक्टरला सांगून टाका की खात होते.

गृहिणी_धरमपेठ:
मग आजीचा अडुळशाचा काढा पण बोगस का बाप्पा?

बीफार्म_नागपूर:
नाही ताई, अडुळशात व्हॅसिसीन असते, त्याचाच साचा बदलून ब्रोमहेक्झिन हे कफाचं औषध बनवलं, पुढे त्यातून अम्ब्रोक्सॉल आलं. कफ सिरपची बाटली वाचून पहा, दोघांपैकी एक बरेचदा भेटते. फरक एवढाच की ब्रोमहेक्झिनची ८ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ८ मिलिग्रॅमच, पान मात्र मे महिन्यातलं वेगळं अन् पावसाळ्यातलं वेगळं. आणि बाबांना सांगा, मेटफॉर्मिनचं मूळ पण झाडातच आहे, युरोपातली गॅलेगा नावाची वनस्पती.

संत्रानगरीकर:
सांगितलं. आता विचारून राहिले ते झाड नर्सरीत कुठं भेटते 🤦

इतवारीवाला:
😂😂 काकांना कारल्यावर आणा बे