मुलगी वर्षभरासाठी जेरुसलेमच्या सेमिनरीत निघाली आहे: कपडे कोणते, किती?

ठाण्याची आई

शालोम. मुलगी अठरा वर्षांची आहे. ऑगस्टअखेर जेरुसलेमला मुलींच्या सेमिनरीत (यहुदी धर्मशिक्षणाच्या वसतिगृही शाळेत) वर्षभर शिकायला जाणार, शावुओतचा सण आटोपून जून २०२७ मध्ये परत. तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा आणि हातात ७ किलो. सेमिनरीच्या पत्रात नियम स्पष्ट आहेत: बसल्यावरसुद्धा गुडघा झाकलेला हवा, कोपर आणि गळ्याची हाडं झाकलेली हवीत, पॅन्ट नाही, डेनिमचा स्कर्ट नाही, मोज्यांशिवाय बाहेर पडायचं नाही. पण किती जोड न्यायचे ते कुठेच लिहिलेलं नाही. तिच्याकडे आहेत सलवार-कमीज आणि जीन्स, त्यामुळे बहुतेक सगळंच नव्याने करायचं आहे.

स्कर्ट इथे शिवून घ्यावेत की तिकडे विकत घ्यावेत? कुर्ते वाया जाऊ नयेत म्हणून काही करता येईल का? थंडीचा कोट मुंबईतून न्यावा का? तिकडे इस्राएलमध्येच लोद आणि अश्दोदला नातलग आहेत, हिवाळ्यात एक लग्नही आहे, म्हणजे मेंदीला साडी लागेल. पेटी भरण्याआधी जाणत्या बायकांचं ऐकायचं आहे.

शिवणवाली, पनवेल

ताई, स्कर्ट इथेच शिवा. तयार स्कर्टची उंची उभ्या मापाची असते आणि नियम बसल्यावरचा आहे, तिथेच सगळी गडबड होते. सरळ स्कर्ट बसल्यावर दोन-तीन इंच वर सरकतो, कळ्यांचा त्याहून कमी.

माप असं घ्या. कमरेपासून गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेपर्यंत टेप लावा आणि त्यात चार इंच मिळवा. मग मुलीला बुटक्या स्टुलावर बसवून टेप पुन्हा धरा. वाटी झाकून वर दोन इंच उरत नसतील तर उंची वाढवा. खुर्चीवर बसवून बघू नका, बसमधली मागची सीट आणि जमिनीवरची गादी दोन्ही खुर्चीपेक्षा बुटक्या असतात. खालच्या दुमडीत तीन इंच कापड ठेवायला सांगा, धुऊन आखडलं तर सोडता येतं. सुती आणि व्हिस्कोस कापड कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवायचंच. वसतिगृहातल्या ड्रायरमध्ये व्हिस्कोस हमखास आखडतं, आणि उंची अंगावर बेतलेली असेल तर तो स्कर्ट एका धुण्यात बाद होतो.

घेर ६० ते ६४ इंच ठेवा. ४४ इंच घेराचा सरळ स्कर्ट दिसतो छान, पण बसच्या पायरीवर पाय उचलला की अडतो, म्हणून शिंपी मागे चीर देतो, आणि चीर चालत नाही. सरळच हवा असेल तर चिरेऐवजी आत कापड घातलेली प्लीट मागा. अस्तर सुती लावा, स्कर्टपेक्षा एक इंच आखूड. क्रेपला सुती अस्तर नसेल तर कोरड्या हवेत तो मोज्यांना चिकटत राहतो. दोन्ही बाजूंच्या शिवणीत दहा इंच खोल खिसे मागायला विसरू नका, फोन आणि बसचं कार्ड त्यातच राहतं.

रंग काळा, नेव्ही, गडद राखाडी, बाटलीचा हिरवा. भडक लाल बऱ्याच सेमिनऱ्यांना चालत नाही. रोजचे सहा स्कर्ट पुरतात, त्यातले दोन जाड कापडाचे.

बाहीचं माप हात कोपरात वाकवून घ्यायचं. सरळ हातावर घेतलेली पाऊण बाही हात वाकला की कोपराच्या वर चढते. मोहरी फार सैल ठेवली तर फळ्यावर लिहिताना बाही खांद्याकडे घसरते, म्हणून कफ किंवा हलकं इलॅस्टिक. पुढचा गळा हाडाच्या वर बंद, मागचा गळा एक इंचाहून खोल नको, आणि बोटनेक अजिबात नको, तो एका खांद्यावर ओघळतो. बटनपट्टीच्या ब्लाऊजला छातीवरच्या दोन बटनांच्या मध्ये एक टिचबटण लावून घ्या.

तिकडच्या मुली आतून पातळ, लांब बाहीचा होजिअरीचा टी-शर्ट घालतात, वर काहीही चढवता यावं म्हणून. चार न्या: दोन काळे, दोन पांढरे. पण सगळं त्याच्याच भरवशावर ठेवू नका. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उन्हात दोन थर अंगावर नको होतात. गळा-बाही मुळातच बरोबर शिवलेले आठ टॉप असले की उन्हाळा सुखाचा जातो.

आता कुर्ते. सरळ कुर्त्याचे साइड कट शिवून बंद करण्याचा विचार सगळ्यांच्या मनात येतो, पण त्याचा खालचा घेर ४० इंचांच्या आसपास असतो, शिवल्यावर पाऊल टाकता येत नाही. त्यापेक्षा कुर्ता २६-२७ इंचांवर कापून स्कर्टवरचा टॉप करा. अनारकली मात्र फार उपयोगी. तिला कट नसतो, घेर भरपूर, उंची गुडघ्याच्या बरीच खाली. चुडीदार काढून मोज्यांवर घातली की शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, पोशाख तयार. नेटच्या बाहीला आतून अस्तर लावा. आणि कुठलंही हलक्या रंगाचं कापड खिडकीसमोर धरून मागे हात ठेवा, बोटं दिसली तर परकर लागणार.

वसतिगृह बघणारी, जेरुसलेम

जोड मोजताना "आठवड्याला किती" असा हिशेब करू नका, दोन धुण्यांमध्ये किती दिवस जातात तो धरा.

उन्हाळ्यात गच्चीवर टाकलेला टॉप तीन तासांत वाळतो. डिसेंबर ते फेब्रुवारी मात्र धुणं खोलीतच टांगावं लागतं, हीटर दिवसाचे काही तासच चालतो, आणि जाड स्कर्टला दोन दिवस लागतात. म्हणून थंडीचे जोड उन्हाळ्यापेक्षा जास्त लागतात. मुंबईहून येणाऱ्या मुली बरोबर उलटं भरून आणतात.

सणांमध्ये धुण्याला खंड पडतो तो वेगळा. सुक्कोतच्या (मांडवांच्या सणाच्या) मधल्या दिवसांत, म्हणजे खोल हामोएदला, कपडे धुवायचे नसतात. यंदा सुक्कोत २६ सप्टेंबरला लागतो आणि त्याच्या शेवटचा शेमिनी अत्सेरेत ३ ऑक्टोबरला. बाहेरदेशची मुलगी तिकडच्या रिवाजाने सणाचा दुसरा दिवसही पाळत असेल तर ४ ऑक्टोबरच्या रात्रीपर्यंत मशीन बंद. सलग नऊ दिवस. पेसाह (खमीर वर्ज्य असलेला सण) २२ एप्रिल २०२७ ला, तिथेही आठवडाभर तेच. म्हणून आतले कपडे आणि मोजे बारा-बारा जोड, त्याहून कमी नको. पेसाहच्या आधी प्रत्येक कोटाचे आणि स्कर्टचे खिसे उलटे करून झटकायला सांगा, बिस्किटांचा चुरा तिथेच सापडतो.

यहुदी पंचांगाचं ५७८७ हे दोन आदारांचं, म्हणजे अधिक महिन्याचं वर्ष आहे, पेसाह उशिरा येतो. त्यामुळे हिवाळ्याचं सत्र लांबलचक, आणि पेसाहला थेट उन्हाळी कपडे. एप्रिलमध्ये वाळवंटाकडून शराव, म्हणजे गरम कोरडा वारा, सुटला की एका दिवसात पारा चढतो, जाड मोजे तेव्हा पेटीत गेलेले बरे.

पावसाबद्दल. इथे ऊन असताना पाऊस नाही आणि पाऊस असताना ऊब नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटरवर आहे. जानेवारीत दिवसा १२ अंशांच्या आसपास, रात्री ६. आकडा फार वाटत नाही, पण घरं दगडी, फरशी गार, आणि पावसाला वारा असतो. छत्री कोपऱ्यावर उलटी होते. शब्बाथला तर ती उघडायचीच नसते, तंबू उभारण्यासारखं धरलं जातं. म्हणून कोटाला टोपी हवी, कापड पाणी अडवणारं हवं आणि उंची गुडघ्यापर्यंत हवी. आखूड जाकीट घातलं की सगळं पाणी स्कर्टवर उतरतं, आणि शब्बाथला ओला स्कर्ट पिळताही येत नाही, हीटरजवळ वाळतही घालता येत नाही. मुंबईचा पावसाळी प्लॅस्टिकचा रेनकोट आणू नका, त्यात ऊब नाही आणि वाऱ्यात शिवणी उसवतात.

कोट इथे घ्या. गेऊला भागातल्या मलखेई यिस्राएल रस्त्यावर स्कर्ट, मोजे, कोट सगळं नियमांत बसणारं मिळतं. नोव्हेंबरपर्यंत स्वेटरवर भागतं. घरून एक फ्लीस, दोन स्वेटर, थर्मलचे दोन जोड एवढंच.

मोजे: रोजचे ४० डेनिअरचे (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), थंडीत ८० ते १०० चे. गुडघ्यापर्यंतचे मोजे खाली घसरतात आणि बसल्यावर मधली कातडी दिसते, म्हणून कमरेपर्यंतचे टाइट्स निदान सहा. धुताना जाळीच्या पिशवीत, नाहीतर हुकात अडकून पहिल्याच महिन्यात धागे निघतात.

एक गोष्ट यादीत कुणी लिहीत नाही. उशाशी आपला महाराष्ट्रातला लांब सुती गाऊन आणि पायात सरकवायच्या चपला ठेवाव्यात. रात्री हल्ल्याचा सायरन झाला तर जेरुसलेमला आसऱ्याच्या खोलीत पोचायला ९० सेकंद असतात. तेवढ्यात स्कर्ट शोधत बसायचं नाही.

लोदची मावशी

वरच्या दोघींनी मुद्द्याचं सांगितलंय. राहिलेलं लिहिते.

शब्बाथचे चार पोशाख, त्यातला एक पूर्ण पांढरा, दारफळणीच्या सणासाठी, म्हणजे योम किप्पूरच्या उपासासाठी. यंदा किप्पूर २१ सप्टेंबरला आहे, म्हणजे उतरल्यावर चार आठवड्यांच्या आत. तो पोशाख आणि त्या दिवसासाठी चामडं नसलेले बूट भारतातूनच आणायला हवेत. कॅनव्हासचे बूट घेताना आतला तळ आणि टाचेजवळची पट्टी बघा, तिथे चामड्याचा तुकडा लावलेला असतो. नव्याच्या सणाच्या (यहुदी नववर्षाच्या) दुसऱ्या रात्री नवं वस्त्र घालून शेहेखेयानू ही आभाराची प्रार्थना म्हणतात, त्यासाठी एक पोशाख घडी न मोडता ठेवा. शब्बाथच्या कपड्यांचे हुक आणि बटनं गुरुवारीच तपासायची सवय लावा, शब्बाथला सुईदोरा हातात घेता येत नाही.

बूट तीन जोड: रोजचे रबरी तळाचे, शब्बाथचे सपाट, आणि टियुलचे. टियुल म्हणजे सेमिनरीची पायी सहल, एन गेदी, मसादा, गोलान असं काही. तिथे घोटा धरणारा बूट हवा. पाण्यातून चालायचं असेल तर जुने, बांधता येणारे बूट, सुटी चप्पल नको. सहलीचा स्कर्ट वेगळा ठेवा: पातळ, लवकर वाळणारा, घेरदार, आतून लेगिंग. कळ्यांचा जाड स्कर्ट भिजला की पायात गुंडाळतो आणि खडकावर पाय घसरतो. गावातले जुने दगडही पावसात तसेच, पायांनी घासून गुळगुळीत झालेले. मुंबईच्या गुळगुळीत तळाच्या बॅलेरिना तिथे धोक्याच्या.

मेंदीची साडी एकच आणा, हलकी. ब्लाऊज पोट झाकणारा, कमरेच्या खाली दोन इंच, बाही कोपराखाली. साडी आणि परकर मिळून किलोभर होतं. काठपदराची जड साडी आणू नका, इथे घरोघर आहेत, मावश्या आनंदाने देतील. ब्लाऊज मात्र कुणाचा कुणाला होत नाही, तो मापाचा आणा.

ठाण्याची आई

किती नीट लिहिलंत सगळ्यांनी. दोन शंका. एक, घरी आजीची लोकरी शाल आहे आणि माझा जुना लोकरी कोट आहे. शआटनेजची (धर्मात मनाई असलेल्या धाग्यांच्या मिश्रणाची) तपासणी लागेल का? दोन, बांधणी आणि कलमकारीचे तीन टॉप आहेत. तिकडच्या मशीनमध्ये टिकतील का?

शिवणवाली, पनवेल

शआटनेज फक्त लोकर आणि लिनन एकत्र आले तर. लोकर-सुती, लोकर-रेशीम चालतं. साधी विणलेली शाल, जिच्यात दुसरा धागा नाही, तिची काळजी नाही. हातमागाची मिश्र धाग्याची असेल तर तपासून घ्या. कोटाचं वेगळं: वरचं कापड लोकरीचं आणि कॉलरच्या आत कडकपणासाठी घातलेलं कॅनव्हास लिननचं असू शकतं. आतल्या कॅनव्हासचं लेबलवर लिहिलेलं नसतं. तपासणाऱ्याकडे कॉलर उसवून धागा बघतात. मला विचाराल तर तो कोट ठेवाच घरी. दोन किलो वजन, आणि भिजला की दोन दिवस गेला.

टॉपचं: घरी तीन वेळा वेगवेगळे गार पाण्यात धुवा. तिसऱ्या पाण्यालाही रंग उतरत असेल तर नेऊ नका. मशीनमध्ये तिचेच नाही, खोलीतल्या सगळ्यांचे पांढरे कपडे रंगतील.

वसतिगृह बघणारी, जेरुसलेम

आणखी एक. प्रत्येक कपड्याला आतून, न जाणाऱ्या शाईने, नाव. एका मजल्यावर तीस मुलींचे काळे स्कर्ट असतात.

दोन बॅगांपैकी दुसरीत पाच किलो जागा मोकळी ठेवा, कोट आणि पुस्तकं परतीला बसायला हवीत. चादरींचे दोन जोड आणा, पण सोलापुरी चादर नको. ती हिवाळ्यात वाळत नाही, रजई इथे घ्यावी. इस्त्री किंवा चार्जर आणणार असाल तर वीज २३० व्होल्टच आहे, पण आपली जाड गोल पिनांची प्लग इथे बसत नाही, अडॅप्टर लागतो.

आणि शब्बाथचा एक पूर्ण पोशाख, मोज्यांसकट, हातातल्या बॅगेत. बुधवारी-गुरुवारी उतरणाऱ्यांची पेटी मागे राहिली तर शुक्रवारी दुपारनंतर दुकानं बंद असतात.

ठाण्याची आई

तिकीट गुरुवारचंच आहे. अनारकली आणि टाइट्स हातातल्या बॅगेत ठेवते. स्कर्टचं कापड आज भिजत घातलं.